वेळेचा शिक्का असलेल्या वेव्ह फाइली रीपर या ऑडिओ एडिटिंग प्रोग्रॅममध्ये आपापल्या जागी बसवताना

फील्ड रेकॉर्डरच्या फाइली टाइमलाइनवर ओढल्या की सगळ्या कर्सरपाशी येऊन पडतात. फाइलच्या बेक्स्ट भागात (जिथे वेळेचा शिक्का साठवलेला असतो) मध्यरात्रीपासूनचे सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने, मोजलेले असतात, पण रीपर ते आपणहून वापरत नाही. सगळे आयटम निवडा, ॲक्शन लिस्टमध्ये 'BWF' (बीडब्ल्यूएफ, म्हणजे असा शिक्का असलेला वेव्ह प्रकार) शोधा आणि आयटमला सोर्सच्या मूळ जागी नेणारी ॲक्शन चालवा. दुपारी 2चं रेकॉर्डिंग थेट 14 तासांवर जाईल. गोंधळू नका, झूम आउट करा. मग सगळ्यांचा ग्रुप करून शून्यावर आणा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये (ऑल्ट-एंटर) सुरुवातीची वेळ पहिल्या फाइलची दिली की रूलरवर घड्याळाचीच वेळ दिसते.

खरा घोळ माझ्याकडे निघाला तो सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल याचा. 48,000वर 14:00:00 म्हणजे 2,41,92,00,000 सॅम्पल. कुणीतरी फाइल 44,100वर बदलून दिली आणि हा आकडा तसाच राहिला, तर तीच फाइल 15:14:17वर जाऊन बसते. नुसती एकच फाइल सव्वा तास पुढे दिसली, की आधी रेट बघा. उपाय एकच: मूळ फाइल मागा, हाताने सरकवत बसू नका. एमपीथ्री करून पाठवली असेल तर विषयच संपला, त्यात बेक्स्ट नसतोच.

रात्री 12 ओलांडणाऱ्या कार्यक्रमात 12 नंतरच्या फाइली टाइमलाइनवर सर्वांत डावीकडे, सुरुवातीलाच येतात. त्या ग्रुप करण्याआधीच बरोबर 24:00:00ने उजवीकडे सरकवा.