युनियनने पगारकपात मान्य केली आणि आपल्याला ती मान्य नाही, तर काय करायचं

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला कोपरखैरण्याच्या एका ओळखीच्या मुलीचा फोन आला. ती एका विद्यापीठात लॅब असिस्टंट आहे. म्हणाली, दादा, प्रशासनाने कपात मागितली आणि आमच्या युनियननेच हो म्हणून टाकलं, उद्या राजीनामा देऊन टाकू का युनियनचा? तिला तासभर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण अशा वेळी माणूस रागात पहिलंच पाऊल चुकीचं टाकतो आणि मग पुढचे सगळे रस्ते आपोआप बंद होतात.

मी स्वतः नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात परीक्षा विभागात शिक्षकेतर कर्मचारी आहे, ठाण्याहून रोज ट्रान्सहार्बर लोकलने येतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. वर्षभरासाठी दहा टक्के कपात, कार्यकारिणीच्या तिघांनी कॅबिनमध्ये बसून तोंडी होकार दिला आणि आम्हाला कळलं ते व्हॉट्सअॅपवरून. त्यामुळे जे लिहितोय त्यातलं बरंचसं करून बघितलेलं आहे.

तर आधी राजीनामा अजिबात देऊ नका. सभासद नसाल तर सभेत बोलता येत नाही, मत देता येत नाही, हिशोब आणि इतिवृत्त मागता येत नाही, म्हणजे निर्णय बदलायची जी एकमेव जागा आहे तिथून तुम्ही स्वतःहूनच बाहेर पडलात. उलट वर्गणीची पावती शोधा. थकली असेल तर आजच भरा आणि तारखेची पावती घ्या, कारण बऱ्याच युनियनच्या घटनेत थकबाकीदाराला मतदान नसतं आणि हे नेमकं सभेच्या दिवशी दारात सांगितलं जातं. आमचे दोन जण असेच बाहेर उभे राहिले होते. आणि युनियनची घटना म्हणजे ते छोटं नियमांचं पुस्तक, ते मिळवा. सरचिटणीसांकडे नसेल तर एखाद्या रिटायर झालेल्या जुन्या माणसाच्या कपाटात नक्की असतं.

मग बघायचं की मान्य नक्की काय झालंय. तोंडी सगळे 'कपात' म्हणतात पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पैसे कायमचे गेले, पैसे पुढे ढकललेत आणि नंतर मिळणार, किंवा वाढ गोठवली. ३१ मार्च २०२० ला राज्य सरकारने अ आणि ब वर्गाला मार्चचा पगार ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के आणि ड वर्गाला पूर्ण असं जाहीर केलं तेव्हा आधी सगळीकडे कपात कपात झालं आणि मग खुलासा आला की हा पगार दोन टप्प्यांत आहे. केंद्राने मात्र त्याच वर्षी महागाई भत्ता गोठवला, १ जानेवारी २०२० ते ३० जून २०२१ मधले तीन हप्ते, आणि १ जुलै २०२१ पासून दर २८ टक्के केला तरी त्या दीड वर्षाची थकबाकी दिली नाही ती नाहीच. म्हणजे 'परत देऊ' हे लिहिलेलं नसेल तर परत येत नाही असंच धरून चाला. आंध्र प्रदेश सरकारने २०२० मध्ये लांबवलेल्या पगार-पेन्शनवर सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ६ टक्के व्याज द्यायला लावलं होतं, ते सरकार होतं आणि तुमची संस्था खासगी असेल तर मामला तसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण लांबवलेला पगार हा कर्मचाऱ्याचा हक्काचा पैसा आहे ही गोष्ट सभेत ठणकावून सांगायला हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

याच्यापुढे जे आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. हिशोब करा. कपात बेसिकमधून आहे की भत्त्यातून, हा प्रश्न विचारल्याशिवाय गप्प बसू नका. बेसिक कमी झाला की त्यावरचा डीए कमी, पीएफ कमी, रजेचे पैसे कमी, आणि ग्रॅच्युइटी तर शेवटच्या पगारावरच निघते. समजा एखाद्याचा बेसिक अधिक डीए ४०,००० आहे आणि नोकरी २५ वर्षं झाली. ४०,००० ला १५ ने गुणा, २६ ने भागा, २५ ने गुणा, साधारण ५,७६,९०० येतात. तोच माणूस कपातीच्या वर्षात ३६,००० वर रिटायर झाला तर ५,१९,२०० येतात. जवळपास ५७,७०० रुपये गेले, आणि हे वर्षभरात कापलेल्या ४८,००० शिवाय वेगळे. हा आकडा आमच्या कार्यकारिणीत कोणीच काढला नव्हता. मी तो एका कागदावर लिहून आमच्या विभागातल्या एका काकांना दाखवला, त्यांची आठ महिन्यांत रिटायरमेंट होती, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, आणि मग त्या कागदाची झेरॉक्स काढून संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागांत पोचली. भांडणाने जे झालं नसतं ते त्या एका कागदाने झालं.

तुमचीही पगाराची स्लिप काढा, शेवटच्या सहा महिन्यांच्या सगळ्या, आणि कपात सुरू झाली असेल तर बघा की बेसिकच कमी दाखवलाय की खाली 'इतर कपात' असं लिहिलंय. दोन्हीत फरक आहे. पगारातून कुठल्या कारणासाठी पैसे कापता येतात याची यादी कायद्यात आहे, संस्थेची आर्थिक अडचण त्या यादीत नाही, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे अशा कपातीविरुद्ध तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. आणि जर कपातीला 'जास्त दिलेल्या पगाराची वसुली' असं नाव दिलं असेल तर तो प्रकारच वेगळा, सरकारी किंवा अनुदानित ठिकाणी असाल तर वकिलाला २०१४ चा रफिक मसीह निकाल विचारा, त्यात क आणि ड वर्गाकडून आणि वर्षभरात रिटायर होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय.

आता सहीचा विषय. घाई का करायची ते इथे कळेल. कामगारांच्या पगारात बदल करायचा तर मालकाला २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, जुन्या १९४७ च्या कायद्यात ते कलम ९ अ होतं, आता औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आहे. पण त्यात एक अपवाद आहे, बदल जर युनियनबरोबरच्या समझोत्याने होत असेल तर नोटीस लागत नाही. म्हणजे तुमच्या अध्यक्षांची सही हीच प्रशासनासाठी नोटिशीतून सुटका आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, सही झाली की फक्त तोंडी बोलणं झालंय? तोंडी असेल तर अजून सगळं हातात आहे.

सही झाली असेल तर दोन गोष्टी तपासा. एक, युनियन नुसती नोंदणीकृत आहे की मान्यताप्राप्त. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने मान्यतेला ३० टक्के सभासदत्व लागायचं, आणि नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के लोकांचा पाठिंबा असलेली युनियन सगळ्यांच्या वतीने वाटाघाटी करते. दोन, समझोता कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर झालाय की ऑफिसात. अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता सभासद नसलेल्यांनाही, अगदी उद्या लागणाऱ्या नव्या माणसालाही बांधतो. बाहेर झालेला साधारणपणे सही करणाऱ्या दोन बाजूंनाच बांधतो, पण मान्यताप्राप्त युनियन असेल तर तोही सगळ्यांना लागू होतो असंच महाराष्ट्रात धरलं गेलंय. त्यामुळे 'मी सही केली नाही म्हणजे मला लागू नाही' या भरवशावर राहू नका, आणि 'युनियन सोडली की सुटलो' यावर तर अजिबात नाही.

शिक्षक असाल तर मात्र हा रस्ता तुमचा नाही. १९८८ च्या सुंदरंबाल निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या, म्हणजे त्याच जुन्या १९४७ च्या कायद्याच्या, व्याख्येतला कामगार नाही. त्या जुन्या कायद्यात विद्यापीठ 'उद्योग' आहे हे १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालापासून चालत आलं पण त्याचा फायदा क्लार्क, लॅब, लायब्ररी, शिपाई या शिक्षकेतर मंडळींना. प्राध्यापकांनी नेमणूकपत्र, विद्यापीठाचे परिनियम, तक्रार निवारण समिती आणि शेवटी हायकोर्ट असं बघायचं. एका युनियनमध्ये दोघेही असतील तर हे आधीच स्पष्ट करून घ्या.

आता सभा. जवळपास प्रत्येक घटनेत असं असतं की ठरावीक सभासदांनी सह्या करून मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. किती सह्या, किती दिवसांची सूचना, गणसंख्या म्हणजे सभेला कमीत कमी हजेरी किती, हे त्या पुस्तकात बघा आणि लागतात त्याच्या दीडपट सह्या घ्या, कारण शेवटच्या दिवशी चार जण सही मागे घेतातच, त्यांच्यावर दबाव येतो, त्यांना दोष देऊ नका. अर्ज एका पानाचा. 'पगारकपातीच्या प्रस्तावावर सर्वसाधारण सभेत चर्चा आणि मतदान होईपर्यंत कोणत्याही करारावर सही करू नये' एवढी एकच मागणी. त्यात कार्यकारिणीवर आरोप नको, विकले गेले वगैरे तर चुकूनही नको. अर्ज सरचिटणीसांच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख, सही, शिक्का. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. आपण सगळे ऑफिसात आवक-जावकवर आयुष्य काढतो आणि स्वतःच्या अर्जाला मात्र पोच घेत नाही, हे मी कितीदा बघितलंय.

सह्या जेवणाच्या सुट्टीत घ्या, कामाच्या वेळेत नाही, त्यावरून मेमो निघू शकतो.

आणि सभेच्या आधी अध्यक्षांना एकट्याने भेटा. हे मनापासून सांगतोय. आमच्या अध्यक्षांवर मी फार चिडलो होतो, पण वाशी स्टेशनच्या बाहेर चहाला बसलो तेव्हा ते म्हणाले, अरे, मला सांगितलं की कपात नाही तर कंत्राटी पोरांना काढणार, त्यातली निम्मी दिवा-मुंब्र्याहून येतात, मी काय करायला हवं होतं सांग. माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. माझं मत तरीही बदललं नाही, कारण नोकऱ्या राहतील हे त्यांना लिहून कोणी दिलंच नव्हतं, पण माझी मागणी बदलली. नुसतं 'कपात नको' ऐवजी आम्ही सभेत चार गोष्टी मांडल्या, संस्थेचे ऑडिट केलेले हिशोब दाखवा, शिपाई आणि सफाईवाल्यांना कपात नको, बेसिकला हात नको फक्त भत्त्यातून, आणि परतफेडीची तारीख व कंत्राटी लोकांना न काढण्याचं वचन करारातच लिहा. ठराव आधी लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक ठरवून न्या, आणि जमलं तर अनुमोदक दुसऱ्या विभागातला, शक्यतो बाई असू दे, कारण आमच्याकडे सगळ्यात नेमका प्रश्न लायब्ररीतल्या एका ताईंनीच विचारला की मुदत संपल्यावर पगार आपोआप पूर्ववत होणार की पुन्हा अर्ज करायचा?

मतदान गुप्त मागा. हात वर करून घेतलं की लोक साहेबांकडे बघून हात वर करतात. आणि हरलात तर तिथेच आपलं विरोधी मत इतिवृत्तात नोंदवायला सांगा, नाव, कारण, दोन ओळी. पुढे हाच कागद कामाला येतो. इतिवृत्ताची प्रतही मागून घ्या.

या काळात आस्थापना विभागाकडून संमतीपत्र फिरवलं जातं, 'मी स्वेच्छेने' असं सुरू होणारं. मान्य नसेल तर सही करू नका. फारच दबाव आला तर वाचायला घरी नेतो म्हणून सांगा, हे सांगायचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि कपात होऊन पगार खात्यात आलाच तर दोन ओळींचं पत्र कुलसचिवांना द्या की ही रक्कम हक्क राखून स्वीकारतोय, कपात मला मान्य नाही. त्याचीही पोच. दर महिन्याला द्यावं लागलं तरी द्या.

सभेनेही ऐकलं नाही तर कामगार खातं आहे. नेरूळ, वाशी, बेलापूर, ऐरोलीवाल्यांचा जिल्हा ठाणे, पण खारघर, पनवेल रायगडमध्ये जातात, लोक अर्धा दिवस रजा टाकून चुकीच्या ऑफिसात जातात म्हणून सांगतोय. जाताना नेमणूकपत्र, स्लिपा, वर्गणीची पावती, पोच असलेले सगळे अर्ज तारखेप्रमाणे लावून न्या, आणि वकील घेणार असाल तर कामगार कायद्याचाच घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून जा.

युनियनला बाजूला ठेवून प्रशासनाशी गुपचूप बोलायला मात्र जाऊ नका. तुमचं म्हणणं गोड बोलून ऐकून घेतील आणि पुढच्या वाटाघाटीत 'तुमच्यातच एकमत नाही' म्हणून तेच वापरतील. रागात दुसरी युनियन काढायची भाषाही नको. आमच्या सभेत चारपैकी तीन मागण्या पास झाल्या, ऑडिटचे हिशोब काही मिळाले नाहीत, पण सफाईवाले वाचले, बेसिक वाचला, आणि कापलेले पैसे पुढच्या वर्षी तीन हप्त्यांत परत आले. करारावर सही त्याच अध्यक्षांनी केली आणि सहीच्या आधी मसुदा वाचायला मला बोलावलं.

कोपरखैरण्याच्या त्या मुलीला वर्गणीची पावती सापडली आहे, दोन महिन्यांची थकली होती ती भरली. सही अजून झालेली नाही हे तिने विचारून घेतलंय. काल रात्रीपर्यंत एकतीस सह्या झाल्या होत्या, त्यांच्या घटनेप्रमाणे चाळीस लागतात, म्हणजे साठचं बघायला सांगितलंय.