कंत्राटी रुग्णवाहिकेवर रुजू होण्याआधी

पहिल्या आठवड्यात मी नवं असं एकच शिकलो: बटण कधी दाबायचं. गाडीतल्या टॅबवर 'पोहोचलो' असं हिरवं बटण असतं. रुग्णाचं घर अजून दोन वळणं पुढे होतं आणि बरोबरच्या जुन्या चालकानं ते दाबूनही टाकलं. मी बघत राहिलो तर म्हणाला, "उशिराचा दंड कंपनीला बसतो. ती तो कुणाच्या पगारातून काढते, ते महिनाअखेरीला कळेल तुला." माणूस वाईट नव्हता. त्याच रात्री त्यानं चौथ्या मजल्यावरून एका आजोबांना माझ्याबरोबर खुर्चीसकट खाली आणलं, कुरकुर न करता.

तेव्हा कंत्राटी आपत्कालीन सेवेत जाणार असाल, रुग्णवाहिका असो की अग्निशमन, तर पगाराच्याही आधी विचारा: घड्याळ कुठून सुरू होतं? फोन उचलला तिथून, गाडीला कॉल दिला तिथून, की गाडी जागची हलली तिथून? अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात हे टप्पे वेगवेगळे मोजतात. वैद्यकीय कॉल मिळाल्यावर निघायला ६० सेकंद, आगीच्या कॉलला ८० (अंगावर सगळा जामानिमा चढवायचा असतो), आणि पुढे रस्त्यात पहिल्या गाडीला २४० सेकंद. कंत्राटात बऱ्याचदा एकच आकडा असतो आणि तो कुठून मोजायचा यावरच सगळी खेळी होते. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब आणि शॉक मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्याचं घड्याळ तो कोसळला तिथूनच चालू असतं.

मग बघा, कंपनीला पैसे कशाचे मिळतात. फेरीमागे मिळत असतील तर गाडी नुसती उभी राहणं म्हणजे तोटा. हजेरीचे मिळत असतील तर 'हजर' या शब्दात काय बसतं ते तपासा. चाकं, डिझेल आणि दोन माणसं एवढंच बसत असेल, तर रुग्णाच्या घशातली उलटी-कफ ओढून काढणारं सक्शन मशीन बंद पडलेलं असलं तरी गाडी हजरच! निविदेची कागदपत्रं बरेचदा जाहीर असतात. कंटाळवाणी असतात, पण दंडाचं परिशिष्ट तरी वाचा. तुमचा साहेब दिवसभर कशावरून ओरडणार आहे, ते तिथं आधीच छापलेलं असतं.

बजेटला कात्री लागली तरी गाड्यांचा आकडा सहसा तसाच राहतो, कारण तो लोकांना दिसतो. आधी जाते ती स्पेअर गाडी. मग सराव. मग बदली माणूस. "बदली आला नाही, थांब" हे वाक्य तुम्हाला पाठ होईल. चोवीस तासांच्या ड्युटीवर मी आणखी बारा तास थांबलो होतो, तेव्हा औषधाची मात्रा दोनदा मोठ्यानं वाचून मगच इंजेक्शन भरायचो. तेवढं जमत नाही असं वाटलं तर कंट्रोल रूमला स्पष्ट सांगा आणि कॉल रेकॉर्ड होतोय अशाच लाइनवर सांगा.

ड्युटी घेताना ऑक्सिजनचा काटा स्वतः बघा. १,५०० लिटरचा सिलिंडर अर्ध्यावर असेल तर मिनिटाला १० लिटरनं ७५ मिनिटं पुरतो. रुग्णाला दीड तासावर न्यायचं असेल तर हे गणित निघण्याआधी करायचं, वाटेत नाही.

कंत्राट बदललं की गाडी तीच राहते, स्टिकर नवं येतं आणि तुमची ज्येष्ठता शून्यावर जाते. त्याआधी अनुभवाचं पत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशोब हातात घ्या. माणसं आपोआप नव्या मालकाकडे येतात, हा समज कंपन्यांनाही महागात पडतो. दक्षिण डेन्मार्क प्रांतात २०१५ मध्ये रुग्णवाहिकांचं कंत्राट बायोस या कंपनीकडे गेलं. पुरेशी प्रशिक्षित माणसं मिळवताना तिची दमछाक झाली, पुढच्याच वर्षी दिवाळं निघालं आणि सेवा प्रांतालाच चालवायला घ्यावी लागली. खासगी म्हणजे फसणारच, असंही नाही. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल शहरात कित्येक दशकं खासगी कंपनी आगी विझवत होती. शहराचं स्वतःचं दल आलं ते २००५ मध्ये.

आणि लॉगबुकाच्या पानाचा फोटो काढत जा. आमचं सक्शन मशीन चार्ज धरत नव्हतं. सलग सहा ड्युट्या मी ते लिहिलं. सातव्या ड्युटीला बेशुद्ध बाई गाडीत, तोंडात उलटी, आणि मशीन दोन मिनिटांत थंड. तिला कुशीवर वळवलं आणि हातपंपानं निभावलं. चौकशीत कंपनीचं लॉगबुक काही सापडेना. माझ्याकडे फोटो होते, म्हणून नवं मशीन चौथ्या दिवशी आलं. दंड मात्र त्या महिन्यात आम्हा दोघांच्याच पगारातून गेला. त्या कॉलला मी बटण दारात पोचल्यावर दाबलं होतं.