वार कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका: भाद्रपद-आश्विनात गाई-म्हशी आणि दारच्या कुत्रीची काळजी

गणपती गेले, चाकरमानी परतले, भातं निसवायला लागली. घरात राहिलेल्या माणसांचं सगळं लक्ष आता शेताकडे. पण गोठ्याच्या दृष्टीनेही हाच काळ नाजूक. म्हशी बहुतेक श्रावणापासून कार्तिकापर्यंत वितात, पाऊस ओसरला की भाकड म्हशी माजावर येऊ लागतात, आणि भाद्रपदात गावभर कुत्र्यांचे घोळके फिरताना दिसतात. जनावराचा डॉक्टर गाईसाठी बोलावला जातो, कुत्रीसाठी सहसा नाही. वास्तविक दोघींचं आजारपण एकमेकींशी बांधलेलं असतं, आणि त्यांना जोडणारी मुख्य गोष्ट म्हणजे उघड्यावर टाकलेली वार, म्हणजे वासरामागून पडणारं गर्भाचं आवरण.

गाय व्याली की वार उकिरड्यावर टाकायची, नाहीतर वहाळाच्या कडेला. काही गावांत ती गोणपाटात बांधून वडाला टांगतात. कुत्रं ती ओढून नेतं, अर्धी खातं, अर्धी कुणाच्या तरी परड्यात टाकतं. गाईला काही रोग नसेल तर फार बिघडत नाही. पण पाचव्या महिन्यानंतर गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या गाईची वार, पडलेलं वासरू आणि सोबतचं पाणी यांत सांसर्गिक गर्भपाताचे, म्हणजे ब्रुसेल्लाचे जंतू खच्चून भरलेले असू शकतात. कुत्र्याने ती वार गावभर फिरवली की रोग शेजारच्या गोठ्यात पोचतो, आणि कुत्र्यालाही होऊ शकतो. दुसरा रोग निओस्पोरा. अशी वार खाल्ली की याचा परजीवी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून गवतावर आणि पेंढ्यावर पडतो, गाईच्या पोटात जातो आणि साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात गाय गाभडते. बाहेरून गाय अगदी ठणठणीत दिसते. त्यामुळे घरचे कारण शोधत बसतात, नजर लागली म्हणतात, आणि कुत्रं रोज रात्री पेंढ्याच्या उडवीवरच झोपत असतं.

म्हणून वार असो वा पडलेला गर्भ, खोल पुरा. कमरेइतका खड्डा घ्या, वर चुना टाका, माती लोटा आणि वर जांभ्याचे दोन-तीन चिरे ठेवा, म्हणजे कुत्री-कोल्ही उकरणार नाहीत. विहीर आणि पऱ्या यांपासून जागा लांब हवी. कातळावर खड्डा निघत नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी गाय विण्याआधीच, माती असलेल्या जागी खड्डा खणून ठेवा. हे काम उघड्या हातांनी करू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातांवर चढवा आणि नंतर साबणाने हात धुवा. गर्भार बाईने तर तिथे थांबूही नये. ब्रुसेल्ला माणसाला होतो: ताप येतो-जातो, सांधे धरतात, अंगात त्राण राहत नाही. डॉक्टरकडे गेलात तर गोठ्यात गाय गाभडल्याचं न विसरता सांगा, कारण त्यावाचून तपासणीची दिशा चुकते. दूध उकळूनच प्या.

ब्रुसेल्लाची लस कालवडी आणि पारड्यांना 4 ते 8 महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्याची लसीकरणाची फेरी वाडीत आली की कालवड रानात सोडू नका.

लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस) कोकणात वेगळं सांगायला नको, भातलावणीतले ताप सगळ्यांना ठाऊक आहेत. पण हा रोग उंदराइतकाच गुरांच्या आणि कुत्र्यांच्या मुतातूनही पसरतो आणि गाईला गाभडवतो, हे फार जणांना माहीत नसतं. गोठ्यातलं मूत साचू देऊ नका, पायाला जखम असेल तर अनवाणी शेण भरू नका, आणि कुत्र्याला लस देताना लेप्टोची लस त्यात आहे ना, हे विचारून घ्या.

वार पडली नाही तर

व्याल्यावर वार साधारण 8 ते 12 तासांत पडते. त्याहून उशीर झाला की घरात घाई सुरू होते. लोंबणाऱ्या वारेला जुनी चप्पल बांधतात, विटेचा तुकडा बांधतात, कुणी हाताला तेल लावून ओढतो. हे अजिबात करू नका. वार आतून गर्भाशयाला बटणासारख्या गाठींनी धरलेली असते. ओढली की त्या गाठी फाटतात, रक्त जातं, आत घाण शिरते आणि गर्भाशयात पू होतो. पुढे तीच गाय तीन-तीनदा भरवली तरी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. लोंबणारा भाग जमिनीवर घासत असेल तर गुडघ्याच्या वर स्वच्छ कापडाने सैल बांधून ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक आहे, मोबाइलमध्ये आजच टाकून ठेवा. गाय सुस्त झाली, ताप आला, वास सुटला, तर सकाळ उजाडण्याची वाट पाहू नका.

विताना पाणमोट (गर्भजलाची पिशवी) फुटून दोन तास झाले तरी वासराचे पाय किंवा तोंड दिसत नसेल, तरी तेच. म्हैस कळा देते, उठते-बसते, पण पाणमोटच येत नाही, असं असेल तर गर्भाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे गावठी उपाय चालत नाहीत. वासरू बाहेर आलं की तासा-दोन तासांच्या आत चीक पाजा. खरवस आपल्याकडे सगळ्यांना हवा असतो, शेजारीही वाट बघत असतात, पण पहिला चीक वासराचाच. त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात गेला पाहिजे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा.

माज ओळखणं आणि पेंढ्याचं दुबळेपण

गाय दर 18 ते 24 दिवसांनी माजावर येते आणि माज 12 ते 18 तासच टिकतो. गाय हंबरते, दुसऱ्या गाईने उडी मारली तर निमूट उभी राहते, दूध कमी देते, काचेसारखा चिकट सोट (स्राव) टाकते. म्हशीचा माज बहुधा मुका. ती ओरडत नाही, उड्या मारत नाही. पहाटे बॅटरी घेऊन वाड्यात जा. म्हैस बसलेली असतानाच शेपटीखाली बघा: जमिनीवर सोट पडलेला असतो, शेपटीच्या केसांना चिकटून वाळलेला असतो. म्हैस उठली, शेण टाकलं की ही खूण पुसली जाते. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा आणि त्यापुढच्या 21व्या दिवसावर गोल करा. त्या दिवशी गाय पुन्हा माजावर आली तर उलटली. आली नाही तरी 60 ते 90 दिवसांनी गाभण तपासणी करून घ्याच. व्याल्यानंतर गर्भाशय मूळ जागी यायला दीड महिना लागतो, म्हणून पुन्हा भरवण्याची घाई दोन महिन्यांच्या आत करू नये.

रेतन करणाऱ्याला विचारा की वळू कोणत्या जातीचा आहे. आपली कोकण कपिला अंगाने लहान. पहिलारू कपिलेला होल्स्टिन या मोठ्या विदेशी जातीचं बीज भरलं तर वासरू मोठं होतं आणि अडतं. दुधाच्या आशेने केलेला हा सौदा मला तरी पटत नाही. मळणीनंतर गुरं मोकाट सुटतात, तेव्हा वाडीतले निकामी पाडे आधीच खच्ची करून घ्या. नाहीतर वाढ पुरी न झालेल्या कालवडी बापाकडून, भावाकडून गाभण राहतात आणि त्यांची वाढ तिथेच खुंटते.

गाय माजावरच येत नाही, ही तक्रार मात्र दिवाळीनंतर सुरू होते आणि तिचं मूळ दावणीत असतं. आपल्या जांभ्या जमिनीतून पावसाने खनिजं धुऊन जातात, गवतातही स्फुरद कमी. नुसत्या भातपेंढ्यात प्रथिनं नावाला, आणि त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. गाय हाडं चघळते, दोरी आणि कापड चावते, माती चाटते, ती याच उणिवेमुळे. व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत म्हशीला लाल लघवी होते, तिथेही बहुधा स्फुरदाची कमतरताच असते, आणि तो आजार दोन-चार दिवसांत जीव घेतो. मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम, कालवडीला 20-25 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) घाला. दिवाळीनंतर नव्हे, आतापासून.

दारची कुत्री

वानरं हाकायला, रानडुकरांवर भुंकायला कुत्री हवी असते. तिची पिल्लं मात्र नको असतात, आणि मग ती पोत्यात घालून बाजारात सोडली जातात. हे थांबवता येतं. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, गाभण राहिली की 63 दिवसांच्या आसपास विते. माज संपून दोन-तीन महिने झाले की नसबंदी करून घ्या. माज थांबवणारी इंजेक्शनं देऊ नका. स्वस्त वाटतात, पण त्यांच्यामुळे गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांत गाठी येण्याचा धोका वाढतो.

वयस्क कुत्री माजानंतर महिना-दोन महिन्यांनी सारखं पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, ओकली, पोट फुगलं, तर गर्भाशयात पू समजा. कधी मागून घाण गळते, कधी काहीच गळत नाही, आणि न गळणारा प्रकार जास्त घातक. शस्त्रक्रियेला त्याच दिवशी न्या. भाद्रपदानंतर योनीमार्गातून थेंब-थेंब रक्त येतच राहिलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसली, तर तो बहुधा संभोगातून पसरणारा गाठीचा रोग असतो. डॉक्टर आठवड्याला एक इंजेक्शन देतात आणि बहुतेक कुत्र्या काही आठवड्यांत बऱ्या होतात. गाठ बघून कुत्री सोडून देऊ नका.

माजाच्या दिवसांत नर भांडतात, चावतात. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी द्या. गाईला कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हातात मोजे घालून, आणि त्याच दिवशी लसीचा पहिला डोस मागा. पुढचे डोस चुकवू नका, जखम भरलेली दिसली तरीही.