कणकुंबीचा पर्जन्यमापक शून्यावर अडकला तेव्हा

मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीत तीन दिवस धो धो पाऊस, आणि आमचं स्वयंचलित पर्जन्यमापन केंद्र पाठवतंय ०.० मिमी! बॅटरी ठीक, रेंजही होती. शेवटी नरसाळं काढलं. भोकात कुंभारीण माशीचं मातीचं घर, वर कुजकी पानं, पाणी काठोकाठ. काडीनं हळूच मोकळं केलं.

उघडीप मिळताच तपासलं. नरसाळ्याचा व्यास २० सेंमी, आतली वाटी दर ०.२ मिमी पावसाला, म्हणजे ६.२८ मिली पाण्याला, एकदा उलटते आणि एक नोंद होते. ६२८ मिली पाणी थेंबथेंब सोडलं (भसकन ओतलं तर नोंदी कमी पडतात). १०० ऐवजी ९९ नोंदी आल्या. जीव भांड्यात पडला.

आता जाळी बसवलीय, दर रविवारी साफ करतो. त्या तीन दिवसांचा पाऊस मात्र नोंदीतून कायमचा गेला. खाली नविलुतीर्थ धरण याच पाण्यावर भरतं, म्हणून फार हळहळ वाटते.