न्यूट्रॉनने पाणी तपासताय? या चुका टाळा

पाण्यावर न्यूट्रॉन सोडून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांवरून त्यातले धातू ओळखताना, आलेखात कॅडमियमचं शिखर (त्याच्या ऊर्जेच्या जागी उंचवटा) दिसलं की पाण्यात कॅडमियम आहे, असं लिहून मोकळं होऊ नका. न्यूट्रॉन अणुकेंद्रकात शिरला की त्या मूलद्रव्याचे ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात, हे खरं. पण न्यूट्रॉन फक्त पाण्यातच शिरत नाही. बाटली, स्टँड, किरण मोजणारा डिटेक्टर, भोवतालचं कवच, सगळ्यांचे किरण एकाच आलेखात येतात. कवचात कॅडमियमचा पत्रा असेल तर ५५८ केईव्हीचं (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं एकक) शिखर शुद्ध पाण्यातही दिसणारच.

बाटलीपासूनच सुरुवात करा. प्रयोगशाळेतली काच बहुधा बोरोसिलिकेट असते आणि तिच्यातलं बोरॉन ४७८ केईव्हीवर उमटतं. पीव्हीसीत क्लोरीन असतं. म्हणून पॉलिथिनची बाटली घ्या, आणि तसल्याच बाटलीत तेवढ्याच पातळीपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरून तेवढाच वेळ मोजा. वेळ जातो म्हणून हेच मोजमाप गाळलं जातं. ते नसेल तर पुढचा आकडा वहीत उतरवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

५५८ पाशी आणखी एक गल्लत होते. पाण्यातल्या आर्सेनिकने न्यूट्रॉन पकडला की किरणोत्सारी आर्सेनिक-७६ बनतं, आणि त्याचा किरण ५५९ वर येतो. सोडियम आयोडाइड डिटेक्टरला हे दोन वेगळे काढता येत नाहीत, जर्मेनियमच्या डिटेक्टरलाही जड जातं. अशा वेळी न्यूट्रॉनचा स्रोत दूर करून पुन्हा मोजा. कॅडमियमचं शिखर लगेच जातं. आर्सेनिक-७६ चा अर्धायुकाल सुमारे २६ तास, ते रेंगाळतं.

आज-उद्याचे आकडे जुळत नसतील तर प्रत्येक शिखराला पाण्यातल्याच हायड्रोजनच्या २२२३ केईव्हीच्या शिखराने भागा, म्हणजे स्रोत कमजोर झाल्याचा फरक निघून जातो. न्यूट्रॉनसाठी वापरला जाणारा कॅलिफोर्नियम-२५२ चा स्रोत सहा महिन्यांत सुमारे १२ टक्के उतरतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे शिखर नाही म्हणून पाणी पिण्याजोगं ठरवणं. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे. छोट्या स्रोतावरची ही पद्धत तिथवर पोचत नाही. खताचं नायट्रेट विहिरीत उतरलं का, हा बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यातला पहिला प्रश्न. पण नायट्रोजन न्यूट्रॉन फार कमी पकडतो, फ्लोरीन त्याहून कमी. त्यासाठी साधी रासायनिक चाचणीच करा, आणि कॅडमियम-शिशासाठी नमुना आयसीपी-एमएस (अगदी सूक्ष्म प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमागची सांडपाण्याची प्लास्टिकची टाकी न उघडता बाहेरूनच तपासायची असेल, आणि धातू भरपूर असण्याची शंका असेल, तर मात्र न्यूट्रॉन वापरा; स्रोतासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आधी हातात हवा.