ए-लाइन बॉब करताय? आधी मागची मान बघा

मागे आखूड आणि पुढे हनुवटीकडे लांब होत जाणारा हा कट सांगली-मिरजेत बऱ्याच पार्लरमध्ये करून देतात, पण आपण फोटो नेतो तो समोरचा आणि या कटचं खरं काम सगळं मागे असतं. म्हणून बाजूचा आणि मागचा फोटो न्याच, आणि पुढे लांबी कुठवर हवी ते बोट लावून दाखवा, नुसतं "थोडे लहान करा" नको.

जायच्या आधी घरी आरशाकडे पाठ करा, हातात दुसरा आरसा धरा, केस वर उचला आणि मानेवर केस कुठल्या दिशेने उगवतात ते बघा. तिथे भोवरा असेल तर मागे अगदी बारीक करू नका, ते केस उभेच राहतात, कितीही ड्रायर मारा, त्यापेक्षा दोन बोटं लांबी ठेवायला सांगा म्हणजे वजनाने खाली बसतात. विरळ केसांना मागे थर दिले की भरीव दिसतं. दाट असतील तर आतून वजन काढायला सांगा, पण थिनिंगची (केस विरळ करायची) कात्री मुळाजवळ नको, ते आखूड केस वाढताना वरच्यांना ढकलतात आणि सगळं फुगतं. कुरळे केस वाळले की वर चढतात, त्यामुळे हवं त्यापेक्षा ३-४ सेंमी लांब ठेवा.

चेहरा गोल असेल तर पुढची टोकं हनुवटीच्या खाली उतरू द्या. उतार, म्हणजे मागच्या-पुढच्या लांबीतला फरक, पहिल्यांदा कमीच घ्या, वाढवणं सोपं असतं, कमी करायचा तर पुढचे केस जातात.

खुर्चीत बसल्यावर पायावर पाय टाकू नका, खांदा तिरका होतो आणि कटही तिरका येतो. भांग रोजचाच पाडून घ्या. उठण्याआधी दोन्हीकडची पुढची बट हनुवटीखाली ओढून जुळवून बघा, लाजायचं काही नाही त्यात. १९६३ मध्ये लंडनमध्ये हेअरड्रेसर विडाल ससूनने अभिनेत्री नॅन्सी क्वानचे लांब केस कापून असाच उताराचा बॉब केला होता, आणि त्याचा सगळा भर कापण्यावर असायचा, सेटिंगवर नाही. घरी धुऊन नुसते झटकल्यावर केस आकारात पडले की समजा कट जमलाय.

आता सांभाळणं. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतात, लांब केसांत ते कळत नाही पण इथे मानेवर लगेच दिसतं, म्हणून ३-४ आठवड्यांनी फक्त मान साफ करून घ्या आणि ६-८ आठवड्यांनी पूर्ण ट्रिम. ड्रायर आधी मागे मारा, ड्रायरचं तोंड खाली करून, पुढचं शेवटी. बोरचं पाणी असेल तर केस राठ होतात, शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या आणि कंडिशनर फक्त टोकांना. गाडीवर स्कार्फ बांधताना गाठ मानेवर मारतो ना आपण, तिथेच थर दबून वाकडे होतात, गाठ बाजूला घ्या. एप्रिल-मेच्या घामात तर हे नक्की पाळा.

घरात लग्न जवळ आलं असेल तर कट पुढे ढकला, मागे अंबाडा अडकवायला केसच राहत नाहीत. आणि पुन्हा वाढवायचे ठरवलंत तर मागे हात लावू नका, दर वेळी पुढूनच थोडे थोडे कापत जा, मागचे येऊन मिळेपर्यंत.