इंग्लंडमध्ये स्वतःच्याच बिल्डिंगखाली पार्किंगचा 100 पाउंडचा कागद आला तर काय करायचं

फ्लॅटसोबत पार्किंग मिळालेलं असतं, गाडी आपल्याच जागेत उभी असते, आणि परमिट काचेवरून खाली सरकलं किंवा गावाकडून आलेल्या आईवडिलांना उतरवायला दोन मिनिटं दारात थांबलो म्हणून 100 पाउंडचा कागद येतो. आपली माणसं घाबरून लगेच भरून टाकतात, कारण 14 दिवसांत भरलं तर 60 मध्ये सुटतं ना. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आपली बाजू बरेचदा भक्कम असते. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे.)

आधी कागद नीट वाचा. कौन्सिलचा असेल तर तो पेनल्टी चार्ज, म्हणजे खरा दंड, त्याची वाट वेगळी. खासगी कंपनीचा असेल तर तो पार्किंग चार्ज, म्हणजे करार मोडला म्हणून मागितलेले पैसे. हा गुन्हा नाही, पोलिसांचा इथे काही संबंध नाही, आणि 2012 पासून खासगी जागेत गाडीला क्लॅम्प (चाकाला कुलूप) लावायलाही बंदी आहे. पण म्हणून कागद कचऱ्यात टाकायचा नाही. ‘दुर्लक्ष करा, काही होत नाही’ हा सल्ला अजून फिरतो, तो जुना झाला. 2015 मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने 85 पाउंडचा चार्ज योग्य ठरवला, आणि कंपन्या खरंच कोर्टात जातात.

पण तो खटला दुकानांच्या पार्किंगचा होता. तिथे येणाऱ्याला गाडी लावायची परवानगीच बोर्डावरून मिळते. तुमच्याकडे ती लीजमधून (फ्लॅटच्या मालकीच्या दीर्घ मुदतीच्या करारातून) आधीच असेल तर नंतर येऊन खांबावर बोर्ड ठोकणाऱ्या कंपनीने तुम्हाला नवीन काय दिलं? म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लीज मिळवणं. भाडेकरू असाल तर टेनन्सी अॅग्रीमेंट बघाच, शिवाय घरमालकाकडून त्याच्या लीजची कॉपी मागा. त्यात पार्किंगचा हक्क कसा लिहिलाय, परमिट लावायची अट आहे का, आणि मॅनेजमेंटला वेळोवेळी नियम करता येतील असं कलम आहे का ते शोधा. असं कलम असेल तर तुमची बाजू कमकुवत होते हे धरून चाला. अट कुठेच नसेल तर जोरात लढा. 2016 च्या जॉप्सन विरुद्ध होमगार्ड या अपिलात तर जजने सांगितलं की सामान उतरवायला दारात थोडा वेळ थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, आणि रहिवाशाचा लीजमधला हक्क कंपनीच्या बोर्डाने जात नाही.

लीज शोधता शोधताच मॅनेजिंग एजंटला (बिल्डिंगची व्यवस्था बघणाऱ्यांना) ईमेल टाका, कारण या कंपनीला तेच घेऊन आलेले असतात आणि चार्ज रद्द करायला तेच सांगू शकतात. फोन नको, लेखी हवं. घरमालकालाही कॉपीत ठेवा. बोर्ड, गाडीची जागा, परमिट यांचे फोटो त्याच दिवशी काढा.

मग 28 दिवसांच्या आत कंपनीकडे अपील करा. गाडी ज्याच्या नावावर आहे तो ‘रजिस्टर्ड कीपर’ म्हणून लिहा, गाडी कोण चालवत होतं ते सांगू नका, ‘मी गाडी लावली’ असं चुकूनही नको. कारण ड्रायव्हर माहीत नसेल तर कीपरकडून वसुलीसाठी 2012 च्या कायद्यातल्या मुदती कंपनीला पाळाव्याच लागतात: काचेवर कागद नव्हता तर नोटीस 14 दिवसांत घरी पोचली पाहिजे, कागद होता तर 28 ते 56 दिवसांच्या दरम्यान. तारखा मोजाच, कंपन्या इथे चुकतात.

अपील फेटाळलं तर कंपनी ज्या संघटनेत असेल त्याप्रमाणे पॉप्ला किंवा आयएएस या अपील ऐकणाऱ्या सेवेकडे जाता येतं, फुकट. तिथे हरलात तरी तो निकाल तुमच्यावर बंधनकारक नसतो.

पुढे वसुली एजन्सीची लाल अक्षरातली पत्रं येतील, 70 पाउंड वाढवून. ते बेलिफ, म्हणजे जप्ती करणारे अधिकारी, नव्हेत, दारात येऊन काही उचलून नेऊ शकत नाहीत. मात्र ‘लेटर बिफोर क्लेम’, म्हणजे दाव्याआधीचं इशारापत्र, आलं तर 30 दिवसांत उत्तर द्या आणि नॉर्थॅम्प्टनहून (असे दावे तिथूनच निघतात) कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर एक दिवसही घालवू नका. बजावल्यापासून 14 दिवसांत ऑनलाइन पोच द्यायची, मग बचाव लिहायला एकूण 28 दिवस मिळतात, आणि त्या बचावात पहिला मुद्दा लीजचाच घ्या.

आणि घर बदललं की गाडीच्या लॉगबुकवरचा (नोंदणीपत्रावरचा) पत्ता लगेच बदला, डीव्हीएलए या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे ते फुकट होतं. आपण भाड्याची घरं सारखी बदलतो, पत्रं जुन्या पत्त्यावर जातात आणि आपल्या नकळत कोर्टाचा निकाल लागतो. तो निकाल 6 वर्षं रेकॉर्डवर राहतो आणि मॉर्गेज घ्यायच्या वेळी नेमका आडवा येतो. महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंद निघते, उशिरा कळलं असेल तर निकाल रद्द करायचा अर्ज ताबडतोब करा.